नाताळच्या दिवशीची गाडी

२५ डिसेंबर, पालम

हिचं डायलिसिस नेमकं नाताळला आलं. परभणीला नेणारी गाडी चर्चची, चालवणारे पास्टरसाहेब, आणि सणही त्यांचाच. एसटीत ही तग धरत नाही. म्हणून काल तीनदा फोन केला. शेवटी ते म्हणाले, "मामा, नाताळ हाय म्हणून मामीचं दुखणं सुट्टीवर जायलंय का? पहाटे प्रार्थना उरकून निघू."

आले, नव्या पांढऱ्या शर्टात. परत आल्यावर गाडीतून उतरवताना हिला उलटी झाली, ती थेट त्या शर्टावर. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं. ते म्हणाले, "मामी, शर्टाला दृष्ट लागणार होती, तुमी उतरवली." ही हसली. किती दिवसांनी. पण डाग निघेल का?

मग मी विचारलंच, "ही बरी होईल ना? तुमचा देव काय म्हणतो?" सणाचा दिवस, हो म्हणतील असं वाटलं.

"ते मला ठाऊक न्हाई, मामा. मी रोज मागतो. सोमवारी गाडी घेऊन येतो."

हो म्हणाले असते तर मला खरं वाटलं नसतं. सोमवारचं खरं वाटतंय. किती वाजता, ते विचारायचं राहिलं. उद्या फोन करावा का?