देशातलं टपाली बुद्धिबळ आणि मी

२ जानेवारी, सकाळी
आजपासून ग्रंथलेखन सुरू. देशातल्या टपाली बुद्धिबळाचा संपूर्ण आणि सप्रमाण इतिहास. असा ग्रंथ आजवर झाला नाही, कारण लायकीचा माणूस मिळाला नाही. काल मंडळाच्या अध्यक्षांचा फोन होता. म्हणाले, सभासद सातच उरलेत, त्यातले दोघे पत्राला उत्तरही देत नाहीत. तेव्हा जूनमध्ये मंडळ बंद करू आणि जाता जाता एक पुस्तक काढू. लिहायचं सचिवांनी, प्रस्तावना अध्यक्षांची. सचिव मीच, कित्येक वर्षं. निवडणुकीला दुसरं कुणी उभंच राहत नाही, इतका दरारा.
संकल्प: रोज पाच पानं.

दुपारी
अर्धं पान झालं. पेन गळतं. बोटं निळी झाली, शिसारी आली. हात धुऊन झोपलो.

६ जानेवारी
बायकोने विचारलं, दोन माणसं एकमेकांना कार्डं टाकतात, यात इतिहास कसला? नीट समजावून सांगितलं. आपली चाल कार्डावर लिहायची, पोस्टात टाकायची, आठवड्याने समोरच्याची चाल येते, मग आपली पुढची. एक डाव दोन-तीन वर्षं चालतो. संयम, चारित्र्य, हस्ताक्षर, सगळ्याची कसोटी. मागे वळून पाहिलं तर ती केव्हाच स्वयंपाकघरात गेलेली. पालथ्या घड्यावर पाणी.

१९ जानेवारी
जुना काळ उरकला. देशातला पहिला डाव दीपगृहाचा रखवालदार विरुद्ध एक न्यायाधीश. बोट पंधरवड्याने जायची, म्हणून डाव नऊ वर्षं चालला. मग युद्धकाळ. सरकारी तपासनिसांना कार्डावरचे आकडे पाहून हेरगिरीचा वास आला आणि एका शाळामास्तरांना आपला घोडा कुठे निघालाय हे चौकीत बसून सांगावं लागलं. मग एक विधवा. नवरा गेल्याचं कुणाला न कळवता त्याचे डाव पुढे खेळत राहिली आणि तिसरी आली. नवरा कधी आठव्याच्या वर गेला नव्हता.
हे सगळं चार पानांत बसवलं. माझ्या सचिवपदाच्या कालखंडाला एकशे दहा पानं लागतील असं दिसतं. प्रमाण योग्य वाटतं.

२ फेब्रुवारी
एक अडचण. इतिहासाच्या शेवटी विजेत्यांची यादी द्यावी लागेल आणि तीत मी नाही. एकही स्पर्धा जिंकलेलो नाही. कामाचा बोजा. पण देव कैवारी आहे. आजच्या घडीला देशात कार्डावर चालू असलेला डाव एकच, बाकी सगळे कॉम्प्युटरवर गेले. तो डाव माझा आणि मंडळातल्या एका पशुवैद्याचा. म्हणजे शेवटच्या टपाली डावाचा विजेता हा इतिहासाचा शेवटचा विजेता. शेवटचं प्रकरण त्याचंच. म्हणजे माझं. हे एवढं एक झालं की डोळे मिटायला मोकळा.

३ फेब्रुवारी
पशुवैद्याचं कार्ड आलं. चाल भेकड. कार्डाला गुरांच्या औषधाचा वास, नेहमीप्रमाणे. नाक धरून वाचलं. असला माणूस माझा प्रतिस्पर्धी असावा हीच किळस. पण इतिहासाला चालतं.

१४ फेब्रुवारी
मुलगी आणि जावई आले होते. जावयाने पटावर नजर टाकली, मोबाइलवर सोंगट्या मांडल्या आणि म्हणाला, बाबा, सेकंदात कळेल कोण जिंकतंय. तिटकारा आला. म्हटलं, आमच्या काळी याला चोरी म्हणत. मोबाइलही तेलकट.

रात्री जेवणानंतर
जावयाला पाहू दिलं. मदत म्हणून नव्हे. ऐतिहासिक पडताळणी म्हणून. मशीन म्हणालं, डाव बरोबरीत. मशीनचा काही भरवसा नाही हे सिद्ध झालं.

२० मार्च
पशुवैद्य चुकला! जनावरांच्या नादात पटावरचं लक्ष उडालं असणार. माझं एक प्यादं मोकळं सुटलंय. आणखी दोन घरं चढलं की त्याचा वजीर होणार आणि देवाचा बापही अडवू शकणार नाही. जावयाला फोन केला (पडताळणी). आता मशीनही म्हणतं, मी जिंकतोय. सुधारतंय हळूहळू.

२५ मार्च
छापखानेवाला येऊन गेला. चहाचे डाग पडलेल्या बोटांनी माझं हस्तलिखित चाळलं, पाहवेना. म्हणाला, शेवटचं प्रकरण एप्रिलअखेर हातात हवं, नाहीतर पुस्तक पावसाळ्यानंतर. मी सांगितलं, लगेच घ्या. आणि बसून लिहून दिलं. 'अशा प्रकारे या देशातील अखेरचा टपाली डाव प्रस्तुत लेखकाने प्रतिस्पर्ध्याला निरुत्तर करून जिंकला.' आज ना उद्या होणारच, मग थांबायचं कशाला?

२६ मार्च
तरी पशुवैद्याने लवकर हार मानलेली बरी. म्हणून जर-तर वापरलं. आमच्या खेळातली ही जुनी सोय. आपल्या चालीखाली लिहायचं, तुम्ही अमुक खेळलात तर मी तमुक खेळतो. समोरचा तसं खेळला की आपली पुढची चाल आपोआप झाली. एक फेरी वाचते. मात्र लिहिलेलं बंधनकारक. नियमावली मीच लिहिली आहे, तेव्हा मला कुणी शिकवू नये.
पाऊण तास विचार केला. तो शह देऊ शकत नाही. प्यादं मारू शकत नाही. अडवू शकत नाही. मग अमुक आणि तमुक कशाला? कार्डावर लिहिलं, 'प्यादं एक घर पुढे. यानंतर तुम्ही काहीही खेळा, माझं प्यादं शेवटच्या घरात, वजीर.'
'काहीही' या शब्दात एक रुबाब आहे. कार्ड टाकायला स्वतः गेलो. पेटीला कबुतरांची घाण. पोस्टखात्याचा ऱ्हास या विषयावर एक पान वाढवावं.

७ एप्रिल, सकाळी
पशुवैद्याचं कार्ड. हसून हसून ठसका लागला. गड्याने आपला वजीर उचलून थेट माझ्या घोड्याच्या तोंडात ठेवलाय! पुढच्या चालीला मात करण्याचा धाक, पण घोड्याने वजीर फुकटात खाल्ला की डाव खलास. शेंबड्या पोरालाही दिसेल. बायकोला हाक मारून दाखवलं. ती बरं म्हणाली.

दुपारी
घोड्याने खाता येत नाही. माझी चाल झालेली आहे. काहीही म्हणजे हेही.

संध्याकाळी
त्याने खाली लिहिलंय, तुमच्या प्याद्याचा वजीर झाला, आता माझ्या वजिराने मात. तुमच्याकडून 'काहीही' अनवधानाने लिहिलं गेलं असेल तर खुशाल परत घ्या, मी कुणापाशी बोलणार नाही. खाली सही आणि गाईच्या मलमाचा ठसा.
दया! माझ्यावर! शेणात वावरणाऱ्या माणसाची! जेवण गेलं नाही.

९ एप्रिल
परत घेणार नाही. मोठेपणा दाखवायची त्याला संधी का द्यावी? पण अन्याय तर झालाय. रीतसर मार्ग म्हणजे पंचाकडे दाद मागणं. मंडळाचा पंच मीच. तरीही नियमाप्रमाणे अर्ज केला. 'काहीही' या शब्दात समंजस चालीच अभिप्रेत असतात, असा मुद्दा मांडला. मुद्दा बिनतोड आहे. पंच निःपक्षपाती माणूस आहे, निकाल माझ्याच बाजूने लागणार.

१२ एप्रिल
पंच म्हणून खुर्ची बदलून बसलो. चष्मा पुसला, नियमावली उघडली. नियम फार स्वच्छ लिहिलेला आहे, पळवाट नाही. मीच लिहिला होता, अशाच एका महाभागाला धडा शिकवायला. अर्ज फेटाळला. शेरा मारला, 'अर्जदाराने लिहिण्यापूर्वी विचार करावा.' सही केली. प्रत अर्जदारास, प्रत प्रतिस्पर्ध्यास, प्रत नियमाप्रमाणे अध्यक्षांस. तिन्ही पाकिटं पोस्टात टाकली.
पंचाची मला किळस आली आहे.

१५ एप्रिल
वाईट वाटतं. सरळच लिहितो, कुणी वाचणार नाही. इतकी वर्षं दुसऱ्यांचे निकाल सुवाच्य अक्षरात लिहिले, एक आपला लिहायचा होता.

१८ एप्रिल
मार्ग सापडला. इतिहासकाराने आपल्या काळापासून अंतर राखायला हवं. म्हणून इतिहास गेल्या डिसेंबरात संपवायचा. शेवटच्या डावाची वाच्यताच नाही. पशुवैद्याचं नाव गेलं, माझी फजितीही गेली, शास्त्रही सांभाळलं. छापखानेवाला कुरकुरला की पानं लावून झालीत. म्हटलं, त्या जागी कोरी पानं सोडा आणि वर छापा, 'वाचकांच्या टिपणांसाठी.' सहा पानं आहेत. वाचकांना बरंच सुचेल.
अध्यक्षांची प्रस्तावना परस्पर छापखान्यात गेली म्हणे. दोन ओळींचे आशीर्वाद असतील. ते काय लिहिणार? पटावर हत्ती कुठे ठेवतात एवढंच त्यांना माहीत.

९ जून
ग्रंथ आला! दोनशे प्रती, सगळ्या पलंगाखाली. सुतळीने करकचून बांधलेल्या, शाईचा उग्र वास, वरच्या प्रतीवर कुणाचा तरी अंगठा. तरीही छाती भरून आली. पाठकोऱ्या कागदावर सत्कारसमारंभाचं भाषण काढलं. सत्कार कोण करणार ते अजून ठरायचंय.

रात्री
प्रस्तावना आठ पानांची निघाली. पहिल्या पानावर माझ्या कष्टांचं कौतुक, उरलेल्या सातांवर 'काहीही'. पटाची आकृती आहे. माझं कार्ड शब्दशः आहे, पशुवैद्याने दिलेलं. पंचाचा निकाल, अर्जदाराने विचार करावा या शेऱ्यासकट, संपूर्ण आहे, तो मीच पाठवला होता. शेवटी अध्यक्ष लिहितात की आपल्या टपाली बुद्धिबळाला याहून गोड शेवट लाभला नसता, आणि आपल्याच विरुद्ध निकाल देणारा असा सचिव देशात दुसरा झाला नाही.
प्रती उरलेल्या पाचही सभासदांना दुपारीच टपालाने गेल्यात. जावयालाही.

१० जून
सकाळी चहाच्या वेळी बायको माझा ग्रंथ वाचत बसलेली. प्रस्तावनाच. आकृतीवर बोट ठेवून म्हणाली, हा वजीर, हा घोडा, बरोबर ना? इतक्या वर्षांत तिने पहिल्यांदाच बुद्धिबळाबद्दल काही विचारलं. मी समजावलं. तिला एका दमात समजलं. मग ती हसायला लागली. पदर तोंडाला लावला, डोळ्यांतून पाणी आलं, चहा सांडला, तरी थांबेना.
मग डोळे पुसून म्हणाली, "अहो, म्हणजे तुम्ही नुसते गप्प बसला असतात, तर जिंकला असतात?"
हो म्हणालो.