सेक्रेटरीबाईंची कादंबरी

६ जानेवारी
सातवं प्रकरण संपलं. चक्क चार ओळींत! अठरा वर्षं सोसायटीची सेक्रेटरी, हात नोटिशीच्याच मापाचा झालाय. खडकवासला भरलेलं आणि आमच्या टाकीत खडखडाट — यावर पाच मिनिटांत फर्मास नोटीस लिहिते, लोक फोटो काढून नेतात. पण कादंबरीतली माणसं तोंड उघडतात ती सेक्रेटरीसारखीच. प्रियकरसुद्धा!

९ जानेवारी
तिसऱ्या मजल्यावरच्या जुबेदाबाईंना शंभर पानं वाचायला दिली होती. छापखान्यात प्रुफं तपासण्यात त्यांची हयात गेली. बोलणं गोड, पेन्सिल निर्दय.
"अहो पूर्णिमाबाई, शंभर पानांत सगळे एकमेकांना सुनावतायत. कुणी कुणाला साधं 'जेवलास का' तरी विचारलंय?"
घरी येऊन सगळं चाळलं. एक प्रश्नचिन्ह सापडलं. 'अक्कल आहे का' याच्यापुढे.

१० जानेवारी
राग गेला नाही. लिहिलं नाही.

१७ जानेवारी
जुबेदाबाईंनी गृहपाठ दिलाय — रोज एका माणसाला काहीतरी विचारायचं आणि त्याचं संपेपर्यंत गप्प बसायचं. मी! गप्प!
आज वॉचमन संतोषला विचारलं, "गावाकडे कोण असतं?" यवतमाळकडचा पोरगा, एरवी मला बघून उभ्या उभ्या सुकतो. चाळीस मिनिटं बोलला. आई, दोन बहिणी आणि आईशिवाय कुणालाच जुमानत नाही असा एक बैल. मी दोनदा जीभ चावली. पण वर येऊन अडीच पानं सलग लिहिली आणि त्यात एकही टोमणा नाही. स्वतःचीच पाठ थोपटून घेतली.

२ फेब्रुवारी
नववं प्रकरण. इथं गाडं अडलंय. थोरली बहीण गॅलरीत उभी, धाकटीची गाडी फाटकाशी येते, थांबते, परत फिरते. मग चार वर्षं अबोला.
"हे तुमचं आणि तुमच्या धाकट्या बहिणीचं, मुक्ताचंच ना?" जुबेदाबाईंनी विचारलं. आधी नाही म्हणाले. मग हो म्हणाले.
चार वर्षांपूर्वीच्या दिवाळीत फाटकाजवळच्या बोर्डावर मीच लिहिलं होतं — 'पाहुण्यांच्या गाड्या आत आणू नयेत. पाहुणेही बेतानेच आणावेत.' दुसऱ्या मजल्यावरच्या वऱ्हाडासाठी होतं ते! मुक्ता दरवर्षीसारखी हडपसरहून अनारसे घेऊन आली, बोर्ड वाचला आणि गेली. तेव्हापासून लग्नकार्यात भेटलो तर नमस्कार-चमत्कार, बस्स. मी खुलासा केला नाही. सेक्रेटरी कशाला कमीपणा घेईल!
मला माझी बहीण परत हवीय. त्यासाठीच हा सगळा कादंबरीचा खटाटोप. झालं, लिहून टाकलं.

२० फेब्रुवारी
पाच वेळा लिहिलं, पाच वेळा फाडलं. दर वेळी थोरली खुलासा देते आणि तो पुन्हा नोटिशीसारखाच वाटतो. शेवटी जुबेदाबाई वैतागल्या. "अहो, तुम्ही गॅलरीतून खाली उतरा की!"
उतरले. खरोखरच! हातात डबा घेऊन फाटकाशी उभी राहिले, मुक्ता आली होती तिथंच. बोर्डाकडे बघून तीच दोन वाक्यं मनात म्हटली. माझ्याच विनोदाचं मला हसू आलं नाही. संतोषनं विचारलं, "मॅडम, काही हवं का?" मान हलवून वर आले.
मग धाकटीच्या बाजूनं लिहायला बसले. अकरा पानं झाली. रडले. जेवणसुद्धा थंड झालं. इतकं बरं मी आजवर लिहिलेलं नाही.

२१ फेब्रुवारी
ती अकरा पानं मुक्ताला कुरियर केली. सोबत एकच ओळ — हे असंच झालं होतं का गं?
पावती तीनदा तपासली. जुबेदाबाई मात्र खुशीत!

२५ फेब्रुवारी
मुक्ताचा फोन!
"ताई, कसला बोर्ड? मी वाचलाच नाही! फाटकातच फोन आला, माझा रविराज खेळताना जिन्यावरून पडला, हात मोडला. तशीच फिरले. तू वरून बघत होतीस ना? 'का गं परत गेलीस' एवढं विचारशील म्हणून चार वर्षं वाट बघितली मी."
सगळं पुस्तक चुकलंय. पहिल्या पानापासून! मुक्ता रविवारी जेवायला येतेय.