नोव्हेंबरचे गेलेले आणि एक साडू

२ नोव्हेंबर
नवी वही. संकल्प तीन. एक, रोज लिहायचं. दोन, कुणाचा हेवा करायचा नाही, ते लहान मनाच्या माणसांचं काम. तीन, या महिन्यात ‘निरोप’वर माझं नाव छापून आणायचंच.

‘निरोप’ म्हणजे आमच्या पेपरातलं माझं पान. महिनाभरात जी कर्तबगार माणसं वारली, मग ती कुठल्याही क्षेत्रातली असोत, ती सगळी महिन्याच्या शेवटच्या दिवशी एका पानावर. कुणाला किती ओळी द्यायच्या हे मी ठरवतो. एकोणीस वर्षं एकट्याने करतोय. नाव एकदाही नाही. आणि पायमोजे किती दिवसांनी बदलावेत यावर पुरवणीवाली लिहिते, तर वर तिचं नाव, शेजारी फोटो, फोटोत हनुवटीखाली हात.
हा हेवा नाही. निरीक्षण आहे.

४ नोव्हेंबर
महिन्याची बोहनी झाली. गायिका, वय ब्याऐंशी. साठ ओळी दिल्या. संपादक म्हणाले नव्वद द्या. आवाज चांगला होता, मान्य. पण सोळाव्या वर्षी सुवर्णपदक मिळालं हे चार जणांनी चार वेळा फोन करून सांगायची गरज नव्हती. सोळाव्या वर्षी माझं गणित राहिलं होतं. ते कुणी फोन करून सांगत नाही.
ऐंशी दिल्या.

७ नोव्हेंबर
गणिती गेले. जन्मभरात एक सिद्धांत मांडला, तोसुद्धा एकोणतीस पानांत. मी अकराशे माणसं मांडली, एकेक वीस-वीस ओळींत. तरी शोकसभा त्यांची.
काल लिहायचं राहिलं. परवाही. संकल्प ‘रोज’ऐवजी ‘नियमित’ असा वाचावा.

९ नोव्हेंबर
जलतरणपटू आणि मेंदूचे सर्जन, दोघं एकाच दिवशी. असं करू नये. एकाच्या मरणाला दुसऱ्यामुळे उठाव येत नाही. जलतरणपटू दिसायला देखणा, त्यामुळे पुरवणीवाली म्हणाली फोटो मोठा घ्या. मी सर्जनचा मोठा घेतला. ते माझ्यासारखे दिसायचे.

१२ नोव्हेंबर
हिच्या ताईचा फोन. भाऊजींच्या छातीत दुखलं, दवाखान्यात ठेवलंय, झडप खराब आहे, ऑपरेशन करावं लागणार.
भाऊजी म्हणजे माझा साडू. तोंडावर मी अहो-जाहो करतो. वही माझी आहे, इथे करणार नाही. हा गवतावरचा तज्ज्ञ. झाडं नाही, फुलं नाही, गवत. चौतीस वर्षं हा माणूस गवतात गुडघे टेकून बसला, आणि त्यातून चार पुस्तकं काढली. परदेशातली माणसं याला पत्रातून गवत पाठवून त्याचं नाव विचारतात. एका गवताला याचं नाव दिलंय. गवताला! मी ते बघितलंय. साध्या गवतासारखंच दिसतं.
माझ्या लग्नात सासऱ्यांनी सगळ्यांशी माझी ओळख करून दिली ती ‘यांचे धाकटे साडू’ अशी. स्वतःच्या लग्नात!
बातमी ऐकून वाईट वाटलं. खरंच वाटलं. ही रडत होती, मी पाणी आणून दिलं. मग सहज मनात आलं, नोव्हेंबरमध्येच झालं तर पान फार भरेल.

१५ नोव्हेंबर
आमच्या धंद्यात आजारी मोठ्या माणसांचा मजकूर आधीच लिहून ठेवतात. यात दुष्टपणा नाही, दूरदृष्टी आहे. साडूचा आज लिहिला. पाच ओळी:
‘गवताचे अभ्यासक. चौतीस वर्षं जमिनीवर गुडघे टेकून काम केलं. चार पुस्तकं. एका गवताला त्यांचं नाव आहे. मागे पत्नी.’
घरचा माणूस म्हणून झुकतं माप द्यायचं नाही, हे तत्त्व. गणित्याला बावीस होत्या, त्या एकतीस केल्या. साडूची वाचलेली जागा भरली.

१९ नोव्हेंबर
संपादकांना अर्ज दिला. विषय : ‘निरोप’वर नाव छापण्याबाबत. अर्ज सव्वा पान. शेवटी लिहिलं की या महिन्यासारखा महिना पुन्हा येणार नाही, सगळी क्षेत्रं एका पानावर येताहेत. त्यांनी उभ्या उभ्या वाचला आणि ‘बघू’ म्हणाले. गेल्या वर्षीही ‘बघू’च म्हणाले होते, पण तेव्हा बसून म्हणाले होते. उभ्याने म्हटलेलं ‘बघू’ जास्त मनापासूनचं असतं. काम झालं म्हणायला हरकत नाही.
नावाचा टाइप निवडला. जाड. फार जाड नको.

२२ नोव्हेंबर
साडूला भेटायला गेलो. पलंगाभोवती ही गर्दी. नर्स त्याच्याकडून पुस्तकावर सही घेत होती. शेजारच्या पलंगावरचा पेशंट खिडकीतून खाली बोट दाखवून हे कुठलं गवत, ते कुठलं, असं विचारत होता आणि हा उत्तरं देत होता. माणसाला ऑक्सिजन लावलाय, तरी भाव खातोय.
मला म्हणाला, या महिन्यात तुमच्या पानावर बरीच मोठी माणसं आहेत म्हणे, माझ्यासाठी जागा उरलीय का? सगळे हसले. मीही हसलो. मनात म्हटलं, पाच ओळी.
घरी येताना ही म्हणाली, भाऊजींचं मन किती मोठं आहे नाही. मी म्हणालो, डॉक्टर झडप म्हणाले, मन नाही. ही झपाझप पुढे जाऊन थांब्यावर उभी राहिली.

२६ नोव्हेंबर
व्यंगचित्रकार गेले. त्याआधी सोमवारी सर्कशीतला वृद्ध विदूषक. आता पानावर आवाज आहे, डोकं आहे, शरीर आहे, रेषा आहे, हसू आहे. असं पान एकोणीस वर्षांत झालं नव्हतं. पुरवणीवालीने येऊन बघितलं आणि सुंदर झालंय म्हणाली. तिचा आवाज पडला होता. माणसाने दुसऱ्याच्या यशावर असं जळू नये.

२९ नोव्हेंबर, दुपारी १
आज साडूचं ऑपरेशन. पान चारला छापायला जातं, ऑपरेशन चारपर्यंतच चालणार. म्हणजे कात्रीत मी. म्हणून त्याच्या पाच ओळी विदूषकाच्या खाली, डाव्या कोपऱ्यात लावून ठेवल्या. फक्त जागा धरायला. चांगली बातमी आली की काढायच्या, तिथे विदूषकाचे बूट मोठे करायचे. अशी तयारी दुसऱ्या कुणाला सुचली नसती.

दुपारी २
हिचा फोन. ताईला चक्कर आली, तुम्ही आत्ताच्या आत्ता या. निघतो. पान पाठवून दिलं, दोन तास आधी. संपादकांनी वर बघितलं. मला वाटतं त्यांच्या नजरेत आदर होता.

संध्याकाळी ७
ऑपरेशन उत्तम झालं. पाच वाजता डॉक्टर हसतच बाहेर आले. तेही त्याच्या पुस्तकाचे वाचक निघाले. कॉरिडॉरमध्ये सतरा माणसं एकमेकांच्या गळ्यात पडली. माझ्या गळ्यात कुणी पडलं नाही. एक बाई पडत होत्या, पण त्या मागच्या माणसाकडे चालल्या होत्या.
घरी आलो. थकलो. काहीतरी राहिलंय असं सारखं वाटतंय. गॅस बघितला, बंद होता.

३० नोव्हेंबर, सकाळी ६.१०
बूट मोठे करायचे राहिले.

सकाळी ६.४०
ऑफिसला फोन केला. वॉचमनने उचलला. म्हणाला पेपर तर पहाटे चारलाच गाड्यांतून गेले.

सकाळी ८
ही पेपर वाचते आहे. पहिल्या पानावर आहे. ‘निरोप’ सातवर. पेपर मागितला, दिला नाही. पाचवर आली. मी बाथरूममध्ये आहे.

सकाळी ८.२०
पोचली.

दुपारी १२
दवाखान्यात ताईने पेपर वाचला आणि साडूला हलवून बघितलं. तो जागा झाला आणि म्हणाला, इतक्या लवकर? मग पेपर मागून घेतला आणि तीनदा वाचला. हसल्यावर टाके दुखतात म्हणून छातीला उशी धरून हसला, असं ही सांगत होती. माझ्याशी नाही, भिंतीशी.
गावभर कल्लोळ झालाय. शाळा लवकर सोडल्या. दवाखान्याच्या दाराशी लोक गवताच्या पेंढ्या आणून ठेवताहेत. तिथल्या वॉचमनला वाटलं, कुणी घोडा अ‍ॅडमिट केलाय.
गायिका गेली तेव्हा फुलं होती, मान्य आहे. पण ती खरोखर गेली होती.

संध्याकाळी ६
हा जिवंत आहे आणि त्याला स्वतःची श्रद्धांजली ऐकायला मिळतेय. पलंगावर बसून! एका मंत्र्याचं भाषण रेडिओवर लागलं, ते ह्याने पूर्ण ऐकलं आणि दोन चुका काढल्या. माणसाला सगळं मिळालं होतं. एवढंच राहिलं होतं, तेही मी मिळवून दिलं.
अंगाचा तिळपापड होतोय. जेवलो नाही. म्हणजे एकदाच जेवलो.

१ डिसेंबर
पेपरच्या पहिल्या पानावर चार कॉलम : तज्ज्ञ सुखरूप आहेत. फोटो, उशीसकट. आत त्याची मुलाखत आहे, ती पुरवणीवालीने घेतली. तिचं नाव वर, फोटो शेजारी. गायिकेच्या ऐंशी ओळी होत्या, ह्याला मोजल्या तर एकशे चाळीस आहेत. आणि तो मेलासुद्धा नाही.
खाली चौकट. ‘एका कर्मचाऱ्याच्या नजरचुकीने चुकीचा मजकूर प्रसिद्ध झाला. दिलगीर आहोत.’
एका कर्मचाऱ्याच्या!
एकोणीस वर्षांत पहिल्यांदा माझ्याबद्दल छापून आलं आणि त्यातही नाव नाही. चूक कुणी केली हे वाचकाला कळायला नको? उद्या संपादकांशी बोलतो. स्पष्ट.

२ डिसेंबर
बोललो. स्पष्ट बोललो. नाव छापा म्हणालो.
संपादक बराच वेळ माझ्याकडे बघत राहिले. आदर नव्हता, आता मला कळतं. म्हणाले, छापणारच होतो, नावही आणि काढून टाकल्याचंही. पण तुमच्या साडूचा दवाखान्यातून फोन आला. धाप लागत होती तरी वीस मिनिटं बोलले. म्हणाले, आमच्या साडूंचं नाव येता कामा नये आणि नोकरीलाही हात लावू नका, नाहीतर मी मुलाखत देणार नाही.
मग ‘निरोप’चं सांगितलं. ते आता पुरवणीवालीकडे. डिसेंबरपासून तिच्या नावाने. मला शब्दकोड्याची उत्तरं तपासायला दिली आहेत. उत्तरं आधीच बरोबर असतात.
टेबलावरून माझ्या वस्तू उचलल्या. अकराशे माणसांची कात्रणं तिला दिली. तिने दोन्ही हातांनी घेतली, आणि नीट सांभाळीन म्हणाली. रडू आलं. सर्दी म्हणून सांगितलं.
माझं नाव छापून येत होतं, ते ह्याने अडवलं. आणि माझी नोकरी वाचवली ती ह्यानेच. आता ह्याच्यावर नीट रागावताही येत नाही. हे सगळ्यात वाईट.

४ डिसेंबर
ही म्हणाली, भाऊजींची माफी मागून या. मी म्हणालो, मागणारच होतो. दोन दिवस शर्ट मिळत नव्हता.
गेलो. माफी मागायला सुरुवात केली तर त्याने हात वर केला. उशाखालून कात्रण काढलं, माझ्या पाच ओळींचं. घडीवर विरलं होतं. म्हणाला, साडेतीनशे पत्रं आली, सगळ्यांनी माझी बुद्धी लिहिली, दृष्टी लिहिली, कुणी मला पर्वतसुद्धा लिहिलं. मी चौतीस वर्षं गुडघे टेकून होतो, हे फक्त तुम्ही लिहिलंत. माझे गुडघे गेलेत हो, ते कुणाच्या लक्षातच नव्हतं.
ते मी त्याला छोटं करायला लिहिलं होतं. इथे लिहितो, तिथे बोललो नाही. खुर्चीत बसून राहिलो. लाज वाटली. खूप वाटली.
मग म्हणाला, खरोखर जाईन तेव्हाही तुम्हीच लिहा, पाचच ओळी. मी सांगितलं, ते पान आता माझ्याकडे नाही. त्याने कात्रण परत उशाखाली ठेवलं. मग म्हणाला, मग मी मरून उपयोग काय?
दोघंही हसलो. त्याने उशी धरली.
तेवढ्यात डॉक्टर आले. नवी झडप ऐकली, रिपोर्ट बघितले आणि म्हणाले, हा माणूस अजून वीस वर्षं कुठे जात नाही. ताई रडली, ही रडली. माझ्याही डोळ्यांत पाणी आलं आणि ते खरं होतं. आनंद झाला. वीस वर्षं!
मग डॉक्टर निघाले तसा मी मागोमाग कॉरिडॉरमध्ये गेलो आणि माझी किती वर्षं, ते सहज विचारलं. त्यांनी विचारलं, आपण कोण? मी म्हणालो, साडू.
त्यांनी नाडीसुद्धा बघितली नाही. वजन कमी करा म्हणाले.