वृंदाच्या रेसरची सीट

हेंद्रेपाडा, बदलापूर
११ नोव्हेंबर १९९५

प्रिय वृंदा,

सकाळपासून तीन वेळा लिहायला बसलो आणि तीन वेळा उठून गॅलरीत फेऱ्या मारून आलो. आई म्हणाली, "पत्र लिहिताय की वरात काढताय?" खरं सांगायचं तर बसणं हाच सध्या माझा अवघड विषय झालाय. कारण ऐकलंस तर हसशील. मी तुझी टांगून ठेवलेली रेसर सायकल खाली काढली आहे.

डॉक्टर म्हणाले, साखर आटोक्यात ठेवायची तर रोज तासभर सायकल मारा. "मग साधी घ्या की, एकसष्टाव्या वर्षी ते वाकडं हँडल कशाला?" असं आईचं म्हणणं. पण माझ्या डोक्यात जुना वारा शिरला होता. खरवईच्या रस्त्याला तू पुढे, आणि मागे माझ्या खडखडत्या सायकलवर मी, शाळेतल्या कविता मोठ्यानं म्हणत. सपाटीला भुजंगप्रयात, चढाला ओवी. तू मागे न बघता ओरडायचीस, "बाबा, दम वाचवा." मी म्हणायचो, कवितेनं कधी दम लागत नाही, आणि पुढच्याच ओळीला धापा टाकायचो.

तर परवाच्या सोमवारी हवा भरून निघालो. रेल्वेच्या फाटकापर्यंत मी राजा होतो. अंबरनाथ येईतो कविता बंद पडली. नाक्यावर उतरलो तो तसाच उभा. चहावाला म्हणाला, "काका, बाकडं रिकामं आहे, बसा ना." मी म्हटलं, नको रे बाबा, उभ्यानंच दे. सात-आठ किलोमीटरांत माझी ही गत झाली. तू सतरा वर्षांची होतीस आणि रोज पंचवीस-तीस किलोमीटर जायचीस. चहा हातात निवून गेला, वृंदा. परत मी सायकल हातात धरून चालत आलो.

तू तेव्हा म्हणायचीस, "कंबर दुखते." आम्हीही कंबरच धरून बसलो. तेलं झाली, पट्टा झाला, कल्याणला नेऊन एक्स-रे फोटो काढला. फोटोत काही नाही म्हटल्यावर आणखी उग्र वासाचं तेल आणलं. खरवईहून भाजी घेऊन यायची ती गोजरबाई आठवते? एकदा पायरीवर टोपली उतरवून ती आईला सरळ म्हणाली, "अवो वयनी, पोरीची कंबार नाय दुखत. बसाया दुखतंय तिला. ती सीट बदला आदी." आई दबक्या आवाजात म्हणाली, "हळू गं, आत हे आहेत." हे आतच होते. पेपर तोंडासमोर धरून हे सगळं ऐकत होते. आपल्या घरात पाठांतराला शेकड्यानं कविता होत्या, पण माणूस ज्या भागावर बसतो त्याला शब्द नव्हता. मुलगी तो उच्चारणार नव्हती आणि बाप विचारणार नव्हता. आईनं सीटवर कापसाची उशी शिवली, त्या उशीनं आणखी घासलं. तू पुढे घसरतेस असं वाटून मी पाना घेऊन सीटचं नाक वर उचललं आणि वर स्वतःची पाठ थोपटून घेतली. सोमवारी त्याच नाकानं मला माझी कारागिरी दाखवली.

त्या दिवसापासून घरात पाय ठरेना. बुधवारी उल्हासनगरला, कॅम्प दोनला गेलो. चार दुकानं पालथी घातली. प्रत्येक जण जाड, मऊ, रेक्झिनची सीट पुढे करायचा आणि अंगठा दाबून दाखवायचा, "देखो, मक्खन है." शेवटी गल्लीच्या टोकाला टोपणदास म्हणून म्हातारा सिंधी कारागीर भेटला. तो कातडी सीटा स्वतः ताणून बसवतो. मी म्हटलं, मुलीच्या सायकलला हवी, तिची कंबर दुखायची. त्यानं चष्म्यावरून पाहिलं. "साईं, कमर बोलते हैं सब. लगता नीचे है." इतकं साधं. भर बाजारात, एका वाक्यात.

मग त्यानं लाकडी ट्रेमध्ये ओली रेती थापली, वर प्लॅस्टिक अंथरलं आणि मला म्हणाला, बैठो. शेजारचा कापडवाला गिऱ्हाईक सोडून बघत होता. बसलो. उठलो तर रेतीत दोन खळगे. त्यानं त्यांच्यात पट्टी धरली. या दोन हाडांवर माणूस बसतो, त्यांच्याखाली सीट घट्ट पाहिजे आणि मध्ये मोकळी, मऊपणाचा काही संबंध नाही, असं त्यानं समजावलं. तुझी रेसर आपण माझ्या ऑफिसातल्या साहेबांच्या मुलाकडून घेतली होती. सीट त्याच्या मापाची, अरुंद. मी हुशारीनं म्हटलं, माझ्या मापावरून मुलीची करा. तो हसला. "आपकी हड्डी पे बेटी कैसे बैठेगी? उसको लाओ."

म्हणून तुला नाशिकहून दोन दिवस काढून यायला लिहितोय, असं आईला सांगितलंय. ते खोटं नाही. पण तेवढ्यासाठी माणूस तीनदा उठत नाही.

शहाऐंशीच्या डिसेंबरात निवड-शर्यतीचे शेवटचे सहा किलोमीटर तू पेडलवर उभी राहून काढलेस, आणि मग पंधरा दिवस टपालाची वाट पाहिलीस. मी सांगितलं, काही आलं नाही. आलं होतं. निवडीचं पत्र माझ्या कारखान्याच्या पत्त्यावर आलं होतं. यादीत तुझं नाव तिसरं होतं, पुण्याच्या सराव शिबिराला बोलावलं होतं. मी त्याच दुपारी टेबलाशी बसून सुरेख अक्षरात कळवलं, की कमरेच्या विकारामुळे मुलगी येऊ शकत नाही. तुला त्रासातून सोडवतोय असं वाटत होतं. थोडं असंही वाटत होतं, की तीन आठवडे मुलगी घराबाहेर राहणार, लोक विचारणार. त्या रविवारी तू सायकल पुसलीस, स्वतःच्या हातानं वर टांगलीस आणि म्हणालीस, "मीच कमी पडले, बाबा." त्यावर मी तुला अपयशावरची एक कविता म्हणून दाखवली, अखंड, एकही ओळ न चुकता. नऊ वर्षं तू ते वाक्य खरं मानून जगलीस. तू कमी पडली नव्हतीस, वृंदा. आईला यातलं काही माहीत नाही, तिला आज सांगणार आहे. सीटच्या मापासाठी ये किंवा येऊ नकोस. पण तुला मला जे म्हणायचं असेल ते लिही, आणि जिथं दुखलं तिथंच बोट ठेव, कंबर म्हणू नकोस.

तुझाच, त्या यादीतलं नाव लपवणारा,
बाबा