घडणीचं कलम

१२ जानेवारी

चि. चिमीस,
अनेक आशीर्वाद व प्रेमाचा सलाम.

तुझं पत्र पोचलं. मान्यता मंडळात सहसचिव झाल्यापासून तू भलतीच कडक झालीस. आपल्या सेमिनरीची फाइल भावाची म्हणून दुसऱ्याच्या टेबलावर सरकवलीस, हे योग्यच. पण बाहेरून तरी माझे कान टोचत राहा. फेब्रुवारीच्या सुरुवातीला समिती येतेय. यंदा मान्यता मिळाली नाही, तर आमच्या पदव्या कुठल्याच चर्चची मंडळी मानणार नाही, नवे विद्यार्थी येणार नाहीत, आणि बाबांनी उभी केलेली पाळकांची ही शाळा मी प्राचार्य असताना माझ्या हातून बंद पडेल.

अहवालाने नाकी नऊ आणलेत. ग्रंथालय झालं, शिक्षकांची पात्रता झाली. ग्रीक शिकवणाऱ्या आमच्या ग्रीकबाईंनी आपली प्रमाणपत्रं अशा तोऱ्यात आणून दिली, जणू मीच नोकरी मागायला आलो होतो. अडलो ते 'विद्यार्थ्यांची आत्मिक घडण' या कलमापाशी. ते तुझ्या यजमानांनी अंगावर घेतलंय. वॉर्डन म्हणून त्यांचा वचकच असा, की वसतिगृहात कुणी चकार शब्द काढत नाही. पोरांनी तर त्यांचा तो शब्दच उचललाय. काल कुणाची घडण झाली, असं एकमेकांना विचारतात आणि मी दिसलो की गप्प. चॅपलमध्ये बाजा वाजवणारा आमचा लंबू सध्या हात गळ्यात बांधून फिरतोय. जिन्यावरून पडला म्हणे. तूही त्याच जिन्यावरून पडली होतीस ना? समिती यायच्या आत त्या जिन्याचीच हजेरी घ्यायला हवी.

लोभ आहेच, सोबत सल्लाही पाठव.

तुझा,
दादा


१९ जानेवारी

ती. दादास,
सप्रेम सलाम, वि. वि.

आधी सल्ला. अहवालात 'उत्कृष्ट' हा शब्द जागोजागी पेरू नकोस. समिती तो वाचते आणि चहा मागवते.

आता जिन्याचं. दादा, जिना धडधाकट आहे. लहानपणी आपण त्याच्या कठड्यावरून घसरत यायचो, बाबा खालून ओरडायचे, पण पडलो कधीच नाही. लंबूही पडलेला नाही.

'घडण' हा शब्द यांचाच आहे. लग्नानंतर एकदा पाहुण्यांसमोर मी यांच्या उपदेशातली चूक दाखवली. पाहुणे गेल्यावर यांनी जाडं गीतपुस्तक उचललं आणि माझ्या कानशिलावर मारलं. पुन्हा पुन्हा, मी खाली कोसळेपर्यंत. पुस्तकाचे वळ उठत नाहीत, हे यांना ठाऊक होतं. कुंभार थापटतो म्हणून मडकं होतं, मी तुला घडवतोय, असं मारताना म्हणत होते, अगदी शांतपणे. त्या कानाला चॅपलची घंटा अजून लांबून ऐकू येते. पुढे एकदा माझा हात दाराच्या फटीत धरून यांनी दार लोटलं. तोच तुमचा जिना. मी नोकरीसाठी शहरात आले, असं तू सगळ्यांना सांगतोस. निदान तुला तरी आता खरं माहीत असू दे.

लंबूच्या मनगटावर आडवा वळ आहे का, बघ. असेल तर समिती येण्याआधी यांना तिथून काढ. हे मी मंडळाची सहसचिव म्हणून लिहीत नाही.

इतके दिवस बोलले नाही म्हणून रागावू नकोस. लोभ असू दे.

तुझी,
चिमी


२५ जानेवारी

चि. चिमीस,
अनेक आशीर्वाद.

वळ आहे. लंबूने बाही वर केली आणि मला तुझा हात दिसला. सूज उतरलीय, पण दाराच्या कडेची निळी रेघ तशीच आहे. घडण कुठे होते ते त्याने सांगितलं, तसा चॅपलमागच्या खोलीत गेलो. भिंतीवर, बसलेल्या माणसाच्या डोक्याच्या उंचीला, रक्ताचे डाग आहेत. वरून चुना मारलाय, तरी फुटून वर आलेत. तुझ्या नवऱ्याची मान धरून त्याच भिंतीवर आपटावी, असं वाटलं. आणि मी पहिल्या वर्षाला क्षमेवर तास घेतो!

पण समिती आठ दिवसांवर आलीय. आत्ता वॉर्डनला काढलं तर विश्वस्त कारण विचारणार, बोभाटा होणार, आणि अहवाल तर कधीच रवाना झालाय. म्हणून ठरवलंय, की समितीची पाठ फिरली की त्याच संध्याकाळी त्याला फाटकाबाहेर काढायचं. तोवर खोलीची किल्ली माझ्या खिशात आणि लंबू माझ्या घरी. चिमे, बाबांची शाळा आहे. एवढे आठ दिवस सांभाळून घे.

लोभ मागायलाही आज जीभ अडखळतेय.

तुझा,
दादा


२९ जानेवारी

ती. दादास,
सलाम, वि. वि.

आठ दिवस थांबू, असं मीही म्हणत होते. त्यात चार वर्षं गेली.

किल्ली तुझ्या खिशात आहे म्हणतोस. त्याला खोली लागत नाही, दादा. दार कुठेही मिळतं. अशाने मान्यता मिळालीच तर ती त्याच्या घडणीला मिळेल, बाबांच्या शाळेला नाही.

'यांना' लिहायचं मी सोडलंय, हे तुझ्या लक्षात आलं असेलच.

लोभ आहे, आज जरा कमी.

तुझी,
चिमी


६ फेब्रुवारी

चि. चिमीस,
अनेक आशीर्वाद.

अक्षर ग्रीकबाईंचं आहे, शब्द माझे.

समितीने दुपारी भोजनगृहात विद्यार्थ्यांबरोबर जेवायचं ठरवलं. अध्यक्षबाईंनी पहिल्या वर्षाच्या एका विद्यार्थ्याला सहज विचारलं, की तुमची घडण इथे कशी होते. त्या भाबड्याला तो शब्द एकाच अर्थाने माहीत. त्याने सांगून टाकलं, की चॅपलमागच्या खोलीत, गीतपुस्तकाने; आणि चूक मोठी असेल तर दाराने. ग्रंथालयाची वेळ सांगावी इतक्या सरळपणे. अध्यक्षबाईंचा घास हातातच राहिला. वॉर्डन हसला, पोरं थट्टा करताहेत म्हणाला. तेव्हा लंबू उठला आणि त्याने बाही वर केली.

वॉर्डनने वाढायचा लोखंडी डाव उचलून लंबूच्या तोंडावर हाणला. ओठ फाटला, दात ताटात पडले. दुसरा घाव कपाळावर बसला. तिसऱ्यासाठी हात उचलला आणि सगळी पोरं त्याच्यावर तुटून पडली. बाकं, ताटं, लाथा. बरगडी मोडल्याचा आवाज मला ऐकू आला. मी एक शब्द उच्चारला असता तर पोरं थांबली असती. मी उच्चारला नाही. मला तुझा कान आठवत होता, आणि चिमे, मला बरं वाटत होतं.

मग त्यांनी त्याला फरफटत दाराशी नेलं, त्याचा हात फटीत घातला आणि वळून माझ्याकडे पाहिलं. परवानगीसाठी. तेव्हा कळलं, की घडण खरंच झालीय. या शाळेत पोरं हेच शिकलीत. मी ओरडत धावलो, पण माझं ओरडणं त्यांनी होकार समजलं आणि दार लोटलं. त्याच्या हातावर माझा हात पोचला होता. माझी बोटं मोडल्याचा आवाज झाला, तशी ती धिप्पाड पोरं हुंदके देऊन रडायला लागली.

वॉर्डन इस्पितळात आहे, खाटेशी पोलीस बसलाय. लंबूला टाके पडलेत. बाजा पुन्हा वाजवेल, असं डॉक्टर म्हणतात. समितीला मी सगळं सांगितलं. तू लिहिलेलं, माझे आठ दिवस, आणि मी बघत उभा राहिलो तेही. अध्यक्षबाई लिहून घेत होत्या. त्यांनी मान वर केली नाही.

ग्रीकबाई म्हणतात, आवरा, कागद ओला होतोय. तो त्यांच्यामुळेच होतोय. सही मात्र माझ्या डाव्या हाताची.

उरला असेल तेवढा लोभ राहू दे.

तुझा,
दादा


१८ फेब्रुवारी

ती. दादास,
सप्रेम सलाम, वि. वि.

मंडळाचं पत्र येईलच, पण तुला आधी माझ्याकडून कळावं. मान्यता नाही. नवे प्रवेश बंद. आहेत ती मुलं दुसऱ्या सेमिनऱ्या सामावून घेतील. वर्षाने पुन्हा अर्ज करता येईल. निर्णयाच्या वेळी मी खोलीबाहेर होते. नंतर अध्यक्षबाई माझ्या टेबलाशी येऊन म्हणाल्या, की घडणीच्या कलमापुढे त्यांनी काहीच लिहिलेलं नाही. वर म्हणाल्या, तुमच्या भावाने वर्षभरात एखादा धड शब्द शोधून ठेवावा. दादा, तो शब्द पोरांनाच विचार. तू एकटा बसलास की पुन्हा 'उत्कृष्ट' लिहिशील.

मी पोलिसांत जबाब दिला. पानभर 'तो' लिहिलं, आणि खाली सही केली.

शनिवारी येतेय. आल्या आल्या त्या जिन्याच्या कठड्यावरून घसरत खाली येणार आहे, या वयात. लंबूला आणि पोरांना बघायला बोलाव. तुझी बोटं बांधलेली, तेव्हा तू खाली नुसता उभा राहा. पडलेच, तर या वेळी खुशाल सगळ्यांना सांग, की जिन्यावरून पडली.

लोभ पहिल्याइतकाच.

तुझी,
चिमी