डावीकडचा खालचा कोपरा

बाबा, परवा मी बस्सीला जाऊन ताडपत्री घेऊन आले. आधी इथे जयपुरात, सी-स्कीममधल्या दुकानात मोटरसायकलच्या तयार बॅगा पाहिल्या. वॉटरप्रूफ आहे का विचारलं, तर म्हणे, "मैडम, रेन कवर अलग से आता है." तुम्ही असतात तर तिथेच सुनावलं असतंत, छत्रीला छत्री लावायची का म्हणून. शेवटी बस्सीत, आग्रा रोडवर ट्रकची ताडपत्री विकणारा एक म्हातारा सापडला. "बिटिया, इतनी बारिश है कहाँ?" मी म्हटलं, चिपळूणला. त्याला ते गाव माहीत नव्हतं. शिवणींवर चिकटवायला फाटकी ट्यूब आणि सोल्यूशन बनी पार्कच्या पंक्चरवाल्याने दिलं, जाड दोरा मोच्याने. यादी तुमचीच. बदली होऊन आपण इथे आलो तेव्हा ताडपत्रीला इकडे तिरपाल म्हणतात हेही तुम्हाला ठाऊक नव्हतं. दुकानोदुकानी हातवारे करत फिरायचात आणि मी मागे उभी राहून लाजेने मरायचे.

जयपुरात राहून चिपळूणच्या पावसासाठी बॅगा शिवणारा माणूस तुम्ही एकटेच. शेजारचे काका चिडवायचे, बाढ़ आने वाली है क्या, साहब? तुम्ही हसून सुई ओढत राहायचात. बॅग झाली की आत वर्तमानपत्र ठेवायचं, गच्चीवर नेऊन वरून भरलेली बादली ओतायची, आणि मग माझं काम. आत हात घालून कागद चाचपायचा आणि मोठ्याने सांगायचं, कोरडा. तुम्ही स्वतः कधी बघत नसायचात. "तुझा हात लहान, कोपऱ्यापर्यंत पोचतो," म्हणायचात. त्या एका बॅगेला दोनदा मी ओला म्हटलं, दोनदा तुम्ही शिवण उसवून पुन्हा घातलीत. तिसऱ्यांदा कोरडा म्हटलं. त्याबद्दल एक गोष्ट सांगायची राहिली आहे, त्यासाठीच हे लिहायला बसले.

आजीच्या वर्षश्राद्धाला तुम्ही ती बॅग बांधून मोटरसायकलने गावी, चिपळूणला गेलात. येताना तिचा एकुलता एक फोटो घेऊन निघालात आणि घाटात पाऊस लागला. घरी येऊन बॅग उघडलीत, तर फोटोतली साडी तेवढी ओळखू येत होती, चेहरा गेला होता. तुम्ही फरशीवर बसलात ते बसलातच. आई म्हणाली, "अहो, पण बॅग तपासली होती ना?" मी दाराशी उभी होते. माझ्याकडे वळून पाहिलंही नाहीत. "शिवण माझीच चुकली असणार," एवढंच म्हणालात. मला तेव्हा दोन थपडा मारल्या असत्यात तर बरं झालं असतं.

तीच बॅग आता तडकली आहे. पुढच्या महिन्यात मी एकटी चिपळूणला निघालेय, म्हणून माप घ्यायला काल ती उसवायला घेतली. तुमचा टाका तोडायला हात धजत नव्हता. तोडला, तर आत ट्यूबच्या दोन दोन पट्ट्या. प्रत्येक शिवणीला, अगदी झाकणालासुद्धा. मग आठवलं. गळतं कुठून ते कळेना, म्हणून फोटो भिजल्यानंतरच्या रविवारी तुम्ही सगळीच्या सगळी बॅग पुन्हा चिकटवली होतीत. मतलब अख्खा दिवस, बाबा. आणि मी शेजारी बसून पट्ट्या कापून देत होते. बॅग मांडीवर घेऊन मी खूप रडले.

नवी बॅग आज सकाळी गच्चीवर तपासली. हात आता कोपऱ्यापर्यंत नीट जात नाही, दोन बोटं कशीबशी पोचतात. कागद कोरडा होता, पण ते मोठ्याने म्हणवेना. हे पत्र त्याच बॅगेत ठेवतेय, धाडणार तरी कुठे. त्या दिवशी कागद ओला होता, बाबा. डावीकडचा खालचा कोपरा. खाली मैत्रिणी हाका मारत होत्या आणि मला खेळायला जायचं होतं.