तिथे वर नसतं

३ सप्टेंबर

आज सव्वाअकराला माझ्या शेजारच्या टेबलावरची ती "चालतंय" म्हणाली, आणि माझ्यापुरतं सगळं बदललं.

दीड वर्ष झालं या प्रयोगशाळेत. कॉलेज मधेच सोडलं ते या कामासाठीच — दुर्बिणीचा आरसा इथून न्यायचाच नाही, अंतराळातच घडवायचा! धातूच्या कड्यात पातळ राळ सोडायची. तिथे वजनच नाही, त्यामुळे ती आपली आपणच गुळगुळीत ताणली जाते. मग प्रकाश टाकून कडक करायची. घराएवढा आरसा!

आज पाण्याच्या टाकीत, राळ वजन नसल्यासारखी तरंगती ठेवून, ताटलीएवढ्या कड्यावर चाचणी होती. राळेत बुडबुडा दिसला. मोहरीएवढा. हळूहळू वर आला, फुटला, पुन्हा सगळं नितळ. चाचणीचा कागद तीच भरते. साहेबांनी विचारलं, "काय गं, काय लिहितेस?" तिने माझ्याकडे बघितलं, मग कागदाकडे. "चालतंय."

काय चालतंय? बुडबुडा इथे वर आला म्हणून सुटलो. तिथे वर नसतंच! तो जिथल्या तिथे बसणार. आरशाच्या तोंडावर जन्माचा देवीचा व्रण!

मी हे तिथल्या तिथे बोललो. साहेब म्हणाले, "अर्ध्यात कॉलेज सोडलेल्यांनी आम्हाला अंतराळ शिकवू नये." सगळे खिदळले. ती हसली नाही. खाली मान घालून कागदावर सही केली. त्याचीच जास्त किळस आली.

४ सप्टेंबर

तिच्याशी बोललो नाही. डबा जिन्यात बसून खाल्ला.

५ सप्टेंबर

कँटीनवाल्याने बातमी दिली — साहेबांच्या भाच्याचं, इथेच स्टोअरमध्ये असतो त्याचं, स्थळ तिला सांगून आलंय. "तुला माहीत नाही? वेडा की काय!"

अच्छा! म्हणून चालतंय! अंतराळात 'वर' नाही, पण हिला इथे आयता मिळतोय! थू! आणि मी दीड वर्ष हिच्या हातमोज्यांवरचं नाव पुसट झालं की गिरवून देत होतो. गाढव.

घरी ताट सरकवलं. आई म्हणाली, "नाकावर माशी बसू देत नाहीस. कॉलेज गेलं, आता नोकरीही घालव."

६ सप्टेंबर

चाचणीच्याच घाण्यातली राळ आज डब्यांत बंद झाली. पॅकिंग ठरल्यापेक्षा दोन दिवस आधीच उरकलं. उद्या दुपारी गाडी नेणार, की संपलं. एकदा वर गेलं की कोण दुरुस्त करतंय?

ती डब्यांसोबतच्या पाकिटावर सही करत होती, तिथेच तिला गाठलं. म्हटलं, "सासरच्या मिठाला आत्तापासूनच जागतेस वाटतं?"

तिचा चेहरा पांढराफटक पडला. म्हणाली, "कोण सासर? नाही म्हणून सांगितलंय मी कधीच." आणि निघून गेली.

खोटं! असं म्हणत घरी आलो. झोपताना मात्र खात्री वाटेना.

७ सप्टेंबर

सकाळी आल्या आल्या तिने माझ्यासमोर एक कागदी पट्टी ठेवली. हवा ओढणाऱ्या पंपाची नोंद. ओतण्याआधी राळेतली हवा चाळीस मिनिटं ओढायची असते. पट्टीवर अकरा मिनिटं. चाचणीच्या दिवशी सकाळी पंपावर मी होतो. ती भाच्याशी बोलताना दिसली होती — त्या रागात मीच बटण बंद करून तिकडे गेलो होतो.

"दाखवलं असतं तर तुला हाकललं असतं," ती म्हणाली. "वाटलं, गुपचूप दुसरी राळ भरू. वेळच मिळाला नाही. चुकलंच माझं."

तुझं?

तिचा कागद फाडला. नव्यावर लिहिलं — अकरा मिनिटं, चूक माझी, डबे थांबवा. खाली पूर्ण सही. साहेबांना वाचून दाखवला. त्यांनी फोन उचलला, गाडी थांबवली, आणि माझ्याकडे न बघताच म्हणाले, "ओळखपत्र ठेव आणि जा."

ठेवलं. बाहेर आलो. मागे दार ओढून घेतलं.